वहिनीच्या नावाने लिहिलेली पत्रे

"दादा, विलायतेला शिकायला जाणार तू, मग पैसे वहिनीच्या नानांनी का भरायचे?"

रविवारची सकाळ होती आणि सरोजने हा प्रश्न अगदी टेचात विचारला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच, शेवंतीचा होता. शेवंती तिच्या वर्गातली, मिठागरवाल्यांची मुलगी, जिभेला तिखट. आदल्या दिवशी शाळेच्या विहिरीपाशी ती म्हणाली होती, "तुझा दादा सायब होनार आन् भाडं भरनार त्याचा सासरा. तुझे घरान इचार ना जरा. बगू तुझी हिंमत." चार जणींच्या देखत पैज लागली. नुकतंच वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलेली, अकरावीतली सरोज पैजेला कुठली मागे हटतेय!

दादा, म्हणजे प्रभाकर, बाहेरच्या खोलीत पाटावर बसून लाखेची कांडी मेणबत्तीवर धरत होता. इंग्लंडातल्या विद्यापीठाला पाठवायच्या प्रमाणपत्रांच्या पाकिटावर तो लाल सील उमटवत होता. दुसरं पाकीट अजून उघडंच होतं. त्यात हमीपत्र जायचं होतं, तिथला दोन वर्षांचा खर्च कोण सोसणार याचं.

"अगं, ते लग्नातच ठरलंय," तो हसून म्हणाला. "जावई शिकून आला तर मोटारीत मुलगी त्यांचीच बसणार ना?"

"सगळीकडे असंच आहे," अण्णा वर्तमानपत्राआडून बोलले. "आपण काही जगावेगळं मागत नाही."

सरोजलाही त्यात आजवर काही वावगं वाटलं नव्हतं. दादा येताना तिला लोकरी कोट आणणार, हे तिने साऱ्या वर्गाला सांगून टाकलं होतं. बोटीच्या तिकिटासाठी नानांनी टिटवाळ्याची जागा विकली होती. आता हमीसाठी ठाण्यात टेंभी नाक्यावरचं त्यांचं राहतं घर गहाण टाकायचं होतं. आणि या कामात सरोजचा हातभार मोठा होता. जानेवारीत घागर पडून वहिनीचं बोट मोडलं, तेव्हापासून नानांना पत्रं ती लिहायची. दादा मजकूर सांगायचा, ती वळणदार अक्षरात उतरवायची. 'बोट दुखावल्याने वन्संकडून लिहवून घेत आहे. मी इथे सुखात आहे. यांचं शिक्षण अडू नये, एवढंच मागणं.' अशी चार पत्रं झाली होती. प्रत्येक पत्रानंतर दादा तिची पाठ थोपटायचा.

आतल्या दारात वहिनी उभी होती. सुमती तिचं नाव. दोन वर्षांत तिचा आवाज बाहेरच्या खोलीत कधी आला नव्हता.

"वन्सं, विचारतच आहात तर आणखी एक विचारा," ती हळू म्हणाली. "माझं बोट कशानं मोडलं ते."

"घागर पडली ना तुझ्या हातावर?"

"घागर नव्हती. पाट होता. हाच, ते बसलेत तो. घर गहाण टाका असं नानांना लिहायला मी नाही म्हटलं, म्हणून."

प्रभाकर उठला. हसू अजून त्याच्या ओठांवरच होतं. त्याने वहिनीचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. कोनाड्यातलं तांब्याभांडं खाली येऊन गडगडलं.

आई धावली. सरोजला वाटलं, सोडवायला धावली. आईने आधी दाराला कडी घातली.

"शेजारीपाजारी ऐकतात रे," ती म्हणाली, आणि खाली बसून तिने वहिनीचं मनगट जमिनीवर दाबून धरलं. "नानांनी सही करावी असं लिही ना गं बाई. सुटशील."

"नाही लिहिणार."

प्रभाकरने लाखेची कांडी उचलून मेणबत्तीवर धरली. लाल, उकळता थेंब वहिनीच्या उघड्या तळव्यावर पडला. दुसरा त्याच्याच शेजारी. कातडी जळल्याचा वास खोलीत भरला. वहिनी किंचाळली नाही. तिने पदर दातांत धरला होता आणि तिच्या घशातून नुसती घरघर येत होती. मग पाकिटावर टेकवतात तसा सीलचा शिक्का तिच्या तळव्यावर टेकवायला तो खाली वाकला.

सरोजने मेणबत्तीला लाथ मारली आणि दादाच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. पुढच्याच क्षणी ती भिंतीशी पडलेली होती. कान भणभणत होता, ओठ फाटून तोंडात रक्त आलं होतं. पाठ थोपटणारा हात तोच होता.

या झटापटीत प्रभाकरच्या अंगठ्यालाही एक थेंब चिकटला. "आई गं," म्हणून तो कळवळला. आई वहिनीचं मनगट सोडून तुपाची वाटी घेऊन आली आणि मुलाच्या अंगठ्याला फुंकर घालत तूप लावू लागली. वहिनी दोन हातांच्या अंतरावर होती. तिच्या तळव्यावर लाख थिजून कडक होत होती, आणि तिच्याकडे कोणी पाहतसुद्धा नव्हतं.

ती फुंकर सरोजला थपडेपेक्षा जास्त लागली.

प्रभाकर शिव्या देत अंगठा धुवायला मागच्या विहिरीवर गेला. अण्णांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "झालं ते झालं. सरू, टाक घे. उद्याच्या टपालाने पत्र गेलं पाहिजे."

सरोज उठली. तिने वहिनीचा हात माठाजवळ नेऊन पाण्याच्या पातेल्यात ठेवला, मग दौत पुढे ओढून लिहायला बसली. तिला इतकी निमूट पाहून आईचा जीव भांड्यात पडला. सरोज भराभर लिहीत गेली, कुठे अडली नाही. लिहून झाल्यावर तिने कागद अण्णांच्या हातात दिला.

'ती. नाना यांस सरोजचा नमस्कार. आधीची चारही पत्रे खोटी होती. वहिनी सुखात नाही. तिचं बोट दादाने मोडलं आणि आज तिचा हात जाळला. घराच्या कागदावर सही करू नका.'

अण्णांनी ते वाचलं. "वेडी का खुळी तू? पोलिसांत गेलं तर प्रभाकरचा पासपोर्ट अडकेल. आणि तुझं लग्न?"

सरोजने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला, वहिनीला उभं केलं आणि दाराची कडी काढली. बाहेर गॅलरीत सारी चाळ उभी होती. पुढे होत्या शेजारच्या रंगूबाई, हातात निवडायचं सूप.

"आम्हाला वाटलं, घरातला मामला," रंगूबाई सुपाकडे बघत म्हणाल्या.

"जानेवारीतही ऐकलं होतं तुम्ही?"

रंगूबाईंनी सूप खाली ठेवलं, घरात जाऊन ओलं फडकं आणलं आणि वहिनीच्या हाताभोवती गुंडाळलं.

सरोज उंबऱ्यात वळली. ओठ सुजला होता, पण शब्द बक्षिसाच्या दिवशी निघाले होते तसेच स्वच्छ निघाले.

"आई, अण्णा, मी वहिनीला घेऊन ठाण्याला नानांकडे जातेय. तिथून आम्ही पोलिसांत जाणार. ती चार पत्रं मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. दादाने काय केलं ते सांगणार, आई, मनगट तू धरलं होतंस ते सांगणार, अण्णा, तुम्ही पेपर वाचत होतात ते सांगणार. आणि त्या पत्रांतलं अक्षर माझं आहे, हे सगळ्यात आधी सांगणार."