याच गाडीने

लोथारने नकाशावर बोट टेकवलं आणि ठामपणे म्हणाला,

“हे लान्ड्सहूट. इथे थांबून जेवायचं.”

इर्मगार्डने वहीत ‘लान्ड्सहूट, जेवण’ असं लिहिलं आणि मग नकाशाकडे पाहिलं. नवऱ्याचं बोट बोडेन सरोवराच्या मधोमध, निळ्या पाण्यात टेकलं होतं. लान्ड्सहूट तिथून वीतभर लांब होतं.

“बरं,” ती म्हणाली. “जेवणानंतर?”

“जेवणानंतर बुर्गहाउझेन. मग साल्झबुर्ग. उजेड आहे तोवर हालाइन. थेट लेकीच्या, आंत्येच्या दारात.” त्याचं बोट सरोवरातून बाहेर पडलं आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरात शिरलं. “घाई करायची नाही. आपली गाडी चढावर दमते.”

इर्मगार्डने तेही लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

नकाशा नवा होता. वरच्या मजल्यावरच्या फोल्कमारने तो सीमेपलीकडून, पश्चिम जर्मनीतल्या हॉफहून आणला होता. आमच्या पूर्व जर्मनीतल्या प्लाउएनमध्ये इतकी वर्षं जे नकाशे मिळायचे त्यांत सीमेच्या पलीकडे सगळं पांढरं असायचं, जणू तिकडे माणसं राहतच नाहीत. लोथारकडे मात्र वडिलांचा युद्धाआधीचा एक नकाशा होता, घड्यांवर विरलेला. दर रविवारी तो टेबलावर पसरायचा आणि लोथार बायकोला, लेकीला बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया फिरवून आणायचा. कुठे मासे खायचे, कुठला घाट टाळायचा, सगळं ठरलेलं. त्या नकाशावर त्याचं बोट कधीच चुकलं नाही. बोटाला अंतरं पाठ झाली होती. नव्या नकाशाची मापं वेगळी होती आणि ती बघायला डोळे हवे होते.

डोळे गेल्या हिवाळ्यात बिघडायला लागले. लोथार बोलला नाही, पण इर्मगार्डच्या लक्षात आलं. जे नीट बघायला जावं त्याच्या मधोमधच त्याला काही दिसत नसावं, कारण तो हल्ली तिच्याकडे बघताना तिच्या कानाकडे बघायचा. वर्तमानपत्र घेऊन बसायचा आणि अर्धा तास पान उलटायचा नाही. हा माणूस चाळीस वर्षं लेसच्या कारखान्यात नक्षी तपासत होता; हातभर जाळीत एक धागा चुकला तरी त्याला दारातून दिसायचा. आमच्या त्राबांट गाडीला पेट्रोलचा काटा नसतो. झाकण उघडून टाकीत पट्टी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. मे महिन्यात इर्मगार्डने पाहिलं, लोथार पट्टी उजेडात धरतच नव्हता. पट्टीवरून अंगठा फिरवून ओल चाचपत होता.

“ट्रेनने जायचं का आपण?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“ट्रेनने? पाहुण्यासारखं, पिशव्या घेऊन? मी तिला शब्द दिलाय, इर्मी.”

शब्द दिला होता खरा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, हंगेरीत बालाटोन तलावाच्या काठी. सुट्टीचा शेवटचा दिवस होता. लोथार तंबूच्या खुंट्या उपटत होता. तेवीस वर्षांची आंत्ये त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, “बाबा, मी तुमच्याबरोबर घरी येत नाहीये. मी पलीकडे, ऑस्ट्रियात चाललेय.” लोथारने हातातली खुंटी पुसली, पिशवीत ठेवली, दुसरी उपटली. मग म्हणाला, “घर लागलं की कळव. याच गाडीने येईन भेटायला.” त्या दिवशी हे वाक्य चंद्रावर जायच्या गोष्टीइतकं खरं होतं. तीन महिन्यांत सीमाच उघडली. आंत्ये नाताळात दोन दिवस घरी येऊन गेली, आणि आता चार ऑगस्टला हालाइनच्या चर्चमध्ये तिचं लग्न होतं. पत्रात शेवटी तिने लिहिलं होतं: ‘बाबा, गाडीचीच वाट बघते.’

दोन तारखेला पहाटे निघायचं ठरलं.

इर्मगार्डला काय करावं सुचत नव्हतं. गाडीत बसलो तर मरू, किंवा कुणाला तरी मारू. आणि ‘तुला दिसत नाही’ असं तोंडावर म्हटलं तर हा माणूस बसल्या जागी संपेल. तिने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा “कॉफी हवी का?” एवढंच बाहेर पडलं.

सोमवारी लोथार दुपारचा झोपलेला बघून तिने खिळ्यावरची किल्ली घेतली आणि गॅरेज गाठलं. गावाबाहेरच्या ओळीतलं चौदावं. कुठली तरी तार उपटून टाकायची, एवढंच ठरवून ती आली होती. कुठली, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने बॉनेट उचललं तर बॅटरीची जागा रिकामी.

बॅटरी मागच्या फळीवर सापडली, जुन्या स्वेटरखाली. तारा काढलेल्या, टोकं घासूनपुसून त्यांना ग्रीस लावलेलं. चोराने एवढी निगा राखली नसती. इर्मगार्ड जुन्या टायरवर बसली आणि तिला रडू आलं. त्याला कळतंय, आणि त्याने वाटही काढलीय. तिच्या तार उपटण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी शहाणी होती. आमच्याकडे ‘सुटा भाग मिळत नाही’ म्हटलं की विषय संपायचा. नळ गळतो, लिफ्ट बंद, लग्न पुढे ढकललं, सगळ्याला तेच उत्तर आणि कुणाचाच दोष नाही. तिने स्वेटर पुन्हा होता तसा पांघरला.

मंगळवारी नाश्त्याला लोथारने पावावर लोणी लावता लावता सांगितलं,

“गाडीची बॅटरी गेली. पार मेली. भंगारात देऊन आलो.”

“अगंबाई! आता?”

“आता काय! आपल्याकडे बॅटरी मिळायची म्हणजे तोवर नातवंडं शाळेत जातील.” त्याचा आवाज कित्येक दिवसांनी हलका झाला होता. “ट्रेननेच जावं लागणार. माझा काय इलाज आहे? कळेल तिला.”

“कळेल तर! तीही इथलीच आहे,” इर्मगार्ड म्हणाली आणि उठून तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती सहसा करत नसे. लोथार लाजला.

त्याच दिवशी ती स्टेशनवर जाऊन तिकिटं काढून आली. आणि येताना जिन्यात फोल्कमार भेटला तेव्हा, खोटं पक्कं व्हावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर आनंदाच्या भरात, तिने त्याला सांगितलं,

“बघ ना रे, ऐन वेळी बॅटरी गेली. काका इतके हिरमुसलेत.”

“अरेरे,” फोल्कमार म्हणाला. जुन्या दिवसांत गोष्ट तिथेच संपली असती.

पण जुलैपासून पश्चिमेचा पैसा आमच्याकडे चालू झाला होता, आणि हॉफ गाडीने अर्ध्या तासावर होतं. बुधवारी दुपारी फोल्कमारने दारावर थापा मारल्या. त्याच्या कडेवर बाळ घ्यावं तशी नवीकोरी बॅटरी होती.

“काका, चपला घाला! दहा मिनिटांचं काम आहे. तिकडे फळ्याच्या फळ्या भरल्यात हो, रांग नाही, अर्ज नाही. लग्नाची भेट समजा.”

लोथार खुर्चीत बसला होता. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि मग इर्मगार्डकडे, म्हणजे तिच्या कानाकडे, पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तू सांगितलंस त्याला?”

“जिन्यात भेटला,” ती म्हणाली. जीभ झडली असती तर बरं, असं तिला वाटलं.

“काकांचा विश्वासच बसत नाहीये!” फोल्कमार हसला.

नको कसं म्हणायचं? काय कारण सांगायचं? तिघं चालत गॅरेजपाशी आली. लोथारने बायकोचा दंड धरला होता. फोल्कमारने बाजूच्या छोट्या दाराने आत शिरून दिवा लावला, बॉनेट उघडलं आणि शीळ घालत तारा जोडल्या. स्वेटरकडे त्याचं लक्ष गेलं नाही. मग त्याने पट्टी टाकीत बुडवून बघितली आणि म्हणाला, “पेट्रोलही आहे की भरपूर. बसा काका, एक चक्कर मारून या. काकू, तुम्हीही बसा.”

लोथार चाचपडत आत बसला. स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवले. इर्मगार्ड शेजारी बसली, तिच्या मांडीवर प्रवासाची वही होती, का आणली ते तिलाच माहीत नव्हतं. किल्ली फिरली. इंजिन खोकलं आणि पहिल्या झटक्यात सुरू झालं. निळा धूर भरला. फोल्कमारने टाळ्या वाजवल्या आणि पुढे धावत जाऊन गॅरेजचे दोन्ही मोठे दरवाजे भिंतीपर्यंत ढकलून दिले.

दुपारचं ऊन थेट काचेवर आलं. लोथारच्या हातांवर, छातीवर आलं. बाहेरचा रस्ता, पलीकडे सायकल शिकवणारी एक बाई, कुंपणावरची चादर, सगळं लख्ख होतं.

लोथार चाक धरून थांबला. झगझगाटात डोळे मिचकावत त्याने ओठ न हलवता विचारलं,

“त्याने दार उघडलं का?”

इर्मगार्डने समोरच्या उन्हाकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.” आणि हात लांब करून तिने किल्ली मागे फिरवली. इंजिन गप्प झालं.

फोल्कमार खिडकीशी आला. “काय झालं काकू?”

“क्लच,” ती म्हणाली. तिला माहीत असलेला गाडीचा तेवढाच एक भाग. “क्लच गेलाय. आता तो कुठला मिळायला.”

“क्लच ना? मिळतो की! आत्ता निघालो तर सहाच्या आत घेऊन येतो. सगळं मिळतं तिकडे. हवं ते सांगा.”

इर्मगार्डला आणखी कुठला भाग माहीतच नव्हता. लोथारने चाकावरून एक हात काढून फोल्कमारच्या आवाजाच्या दिशेने वर केला.

“राहू दे, पोरा. क्लच ठीक आहे. डोळे मिळतात का, तेवढं बघ.”

फोल्कमार हसायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्याने काकूंकडे बघितलं, मग खाली, स्वतःच्या ग्रीस लागलेल्या हातांकडे. पलीकडे सायकलवरचं पोर किंचाळून हसलं.

“इर्मी,” लोथार म्हणाला, “खरं सांग. दार उघडं आहे ना?”

तिने त्याचा दुसरा हातही चाकावरून सोडवून आपल्या मांडीवर, वहीवर घेतला.

“उघडं आहे,” ती म्हणाली. “मघापासून उघडंच आहे.”