नुकत्याच पिऊन ठेवलेल्या कपाचा रंग

काकूंच्या शेडमध्ये दोन स्टुलं होती, एक उंच आणि एक बुटकं. बुटक्यावर बसून काकू देठांची पानं ओरबाडत आणि उंचावर बसून काका गुच्छ बांधत. काका गेल्यावरही उंच स्टूल तिथेच राहिलं. त्यावर बसायचं नाही असं काही नव्हतं. बसायला कोणी नव्हतं, एवढंच.

शहराची घरं संपून भाजीचे वाफे सुरू होतात तिथे त्यांची बाग होती. लग्नाची फुलं पुरवणं हा धंदा. काचेमागच्या गार पेटीत ठेवलेला, विमानातून उतरलेला माल त्यांच्याकडे कधीच नसायचा. त्या महिन्यात त्या मातीतून जे वर आलं असेल तेच मिळायचं. कोणी भलतंच मागितलं तर काका तोंडावर सांगत, "जे नाही ते नाही. एकतर लग्न पुढे ढकला, नाहीतर रंग बदला." लोक हसत आणि रंग बदलत.

आता गंमत अशी, की रंगांवर पोट चालवणाऱ्या या माणसाला रंग दिसत नसत. निळा-पिवळा कळे, पण लाल आणि हिरवा त्याच्या लेखी सख्खे जुळे भाऊ. गुलाबी, शेंदरी, विटकरी, पोपटी ही सगळी त्याच घरातली भावंडं. काकूंना हे कळलं ते लग्नानंतर थोड्याच दिवसांनी. काकांनी मोठ्या कौतुकाने "हा लालबुंद बघ" म्हणून हिरव्या कळ्यांचा गुच्छ त्यांच्या हातात दिला. काकू खो-खो हसल्या आणि त्यांचा चेहरा पाहून थांबल्या.

तेव्हापासून वाटणी ठरून गेली. आकार काकांचा, रंग काकूंचा. काका फूल उचलत, पाकळी बोटांत चोळून बघत आणि विचारत, "अगं, हा कोणता?"

पण ज्याला लाल दिसत नाही त्याला "लाल" सांगून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून काकू हाताला कळेल अशा भाषेत सांगू लागल्या. भडक लाल म्हणजे तव्याचा चटका. फिका गुलाबी म्हणजे उन्हात वाळलेला टॉवेल. केशरी म्हणजे नखाखाली गेलेली संत्र्याची साल. पोपटी म्हणजे शेवाळलेली पायरी. "त्या टॉवेलांत दोनच चटके घाला, जास्त नको," असं त्या म्हणत, आणि नवरीकडची माणसं एकमेकांकडे बघत राहत. काकांचा हात मात्र बरोबर बादलीकडे जायचा.

एकदा खताच्या खड्ड्याशेजारी एक डेलिया आपोआप उगवला. काकांना त्याच्या पाकळ्यांची ठेवण आवडली आणि त्यांनी त्याचा वाफाच केला. "हा कोणता?" त्यांनी विचारलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. तो विटकरी नव्हता, गुलाबीही नव्हता. "नुकताच चहा पिऊन ठेवलेला कप," त्या शेवटी म्हणाल्या. "हातात धरला तर ऊब आहे, पण आत काही नाही." काका म्हणाले, "कळला." गिऱ्हाइकांना तो फिका वाटायचा, फारसं कोणी घेत नसे. काका गेल्यावर मात्र त्या वाफ्याला काकूंनी एक वर्षही खाडा पडू दिला नाही.

जी भाषा दोघांनीच बोलायची, तिच्यातला एक गेला की उरलेल्याने काय करायचं हे कोणी शिकवत नाही. सुरुवातीला काकू शेडमध्ये मोठ्याने बोलत. मग मनात बोलू लागल्या. मग मनातही कमी.

त्या वर्षीचा फुलांचा हंगाम संपत आला होता. कडाक्याची थंडी पडली की डेलिया एका रात्रीत काळे पडतात. हे अखेरचं लग्न उरकलं की बाग झोपणार, अशा बेताला लग्न ठरलेली दोघं आली. ती पडदे शिवायची, तो सुतार. लोकांच्या घरात तो पडद्यांच्या दांड्या ठोकायचा आणि ती पडदे लावायची. तशीच कुठल्यातरी खिडकीपाशी त्यांची ओळख झाली होती.

मुलगी बोलकी होती. गळ्यात लोकरीचा एक स्कार्फ होता. तो तिने आल्या आल्या काढून टेबलावर पसरला.

"काकू, मला सगळं या रंगात हवं. आई म्हणते, दुकानातले गुलाब आण. मी म्हटलं, नाही. इथलंच, आत्ता फुललेलंच, आणि याच रंगाचं."

"याच का गं?"

"याने मला दिलेली ही पहिली भेट." तिने सुताराकडे मान वळवली. तो दाराच्या चौकटीची बिजागरी बघत उभा होता. "मला पाहून चार दिवस झाले नव्हते. लोक लाल नाहीतर निळा उचलतात. याने हा रंग शोधून काढला! मी रंगांत काम करते काकू, असा डोळा असलेला माणूस मी पाहिला नाही. मी तेव्हाच ठरवलं."

सुताराचं लक्ष बिजागरीतून निघेना.

काकूंनी स्कार्फ उजेडात धरला. तो कप होता. तोच, नुकताच पिऊन ठेवलेला.

त्यांनी बादल्या मांडल्या. पांढरे अ‍ॅस्टर, पिवळी शेवंती, पोपटी झिनिया, गडद लाल डेलिया, आणि कोपऱ्यात त्या कपाच्या वाफ्यातले थोडे. मुलीने हावरटासारखे सगळीकडे हात घातले. प्रत्येक फूल ती सुताराला दाखवी. तो आधी पाकळी बोटांत चोळायचा, मग तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "छान."

काकूंच्या हातातलं देठ तसंच राहिलं. हे चोळणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"जा रे, स्कार्फाच्या रंगाची बादली आण बरं उजेडात," मुलगी म्हणाली.

तो कोपऱ्याकडे गेला, जरा थांबला आणि पोपटी झिनियाची बादली घेऊन आला.

मुलगी आधी हसली. मग तिला तो हसताना दिसेना. "चेष्टा करतोस? का लक्षच नाही? मघापासून बघतेय, सगळ्याला आपलं छान, छान. लग्नाला पाहुणा म्हणून येणार आहेस का?"

"अगं, मला वाटलं—"

"काय वाटलं?" तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आई. पुन्हा गुलाब." ती फणकाऱ्याने बाहेर गेली.

शेडमध्ये पाण्याचा वास आणि दोघं उरली. काकूंनी झिनियाची बादली सरकवून जागेवर ठेवली.

"लाल-हिरवं का?" त्यांनी हळूच विचारलं.

तो दचकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या घरात होतं. जन्मभर. तिला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगणार? पहिल्या दिवसापासून घोडं तिथेच पेंड खातंय." त्याने स्कार्फ उचलला. "दुकानात ढीग होता, काकू. मी हात फिरवला आणि सगळ्यात मऊ लागला तो घेतला. रंगबिंग काही नाही. ती म्हणाली, काय रंग शोधलास! मी मूग गिळून बसलो. तेव्हापासून कापड, भिंती, स्वयंपाकघराच्या फरशा, सगळं मला विचारते. मी तिच्या तोंडाकडे बघतो. डोळे चमकले की छान म्हणतो."

"आणि नाही चमकले तर?"

"तर 'बघू' म्हणतो."

काकूंना हसू फुटलं. काकाही नेमकं "बघू" म्हणायचे.

"तुम्हाला हसू येतंय. तिने ज्या रंगासाठी मला हो म्हटलं, तो मी पाहिलेलाच नाही. हे कळल्यावर ती लग्न करेल माझ्याशी?"

 काकूंकडे याच्यासाठी काहीतरी होतं, आणि ते देण्यासाठी त्या एकाएकी अधीर झाल्या. इतक्या वर्षांत घ्यायला कोणी आलंच नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "ये, बस. मी तुला रंग सांगते. हा स्कार्फ आहे ना, तो म्हणजे नुकताच चहा पिऊन ठेवलेला कप. हातात ऊब, आत काही नाही. कळला?"

तो उंच स्टुलावर टेकला. त्याने स्कार्फ दोन्ही हातांत धरला, मनापासून विचार केला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, मी चहा पीत नाही."

 काकू उगाचच म्हणाल्या, "बरं आहे. पित्त होत नाही."

मुलगी परत आली. आईशी भांडून तिचा राग बराचसा खर्ची पडला होता. "मिटवलं. गुलाब रद्द. बोल, ठरलं का काही?"

सुतार स्टुलावरून उठला. त्याने कोपऱ्यातल्या बादलीतून एक फूल उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"अगं, हा कोणता?"

 तोच प्रश्न, त्याच जागी, आणि विचारला भलत्याच कुणाला.

"कोणता म्हणजे? डेलिया."

"रंग कोणता? मला दिसत नाही. लाल, हिरवा, मधले सगळे. कधीच दिसले नाहीत."

मुलगी हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली. तिने स्कार्फाकडे बोट केलं. "मग हा?"

"मऊ होता."



"आणि फरशा?" तिचा आवाज चिरका झाला. "स्वयंपाकघराच्या फरशा?"

"तांबड्याच आहेत ना?"

"हिरव्या आहेत! मला नको होत्या. तू छान म्हणालास म्हणून घेतल्या!"

"तुझे डोळे चमकले होते गं."

"डोळ्यांत भुसा गेला होता माझ्या! तू रंधा मारत होतास!"

ती तरातरा बाहेर गेली आणि वाफ्यांच्या टोकाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. सुतार दारात खिळला. काकूंनी त्याला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. काही वेळाने तो आपणच गेला. शेडच्या खिडकीतून दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. मुलीने एकदा जोरात हात उडवला. एकदा ती खाली वाकून चप्पल काढून आपटते की काय असं वाटलं, पण ती फक्त खडा काढत होती. मग कितीतरी वेळ दोघं नुसतीच उभी. शेवटी तिने एक फूल तोडून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि काहीतरी सांगू लागली. त्याने डोळे मिटले होते.

काकू खिडकीपासून बाजूला झाल्या. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

दोघं परतली तेव्हा मुलीचं नाक लाल झालं होतं.

"काकू, हाच रंग. सगळा वाफा द्या." ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "सांगू का त्यांना?"

"सांग."

"परवा मी शिडीवरून घसरले, याने हात धरून खाली उतरवलं. खाली आल्यावरही सोडला नाही, दोघांच्या तळव्यांना घाम आला. तो हा रंग. शिडीचा हात."

"आता कळला," सुतार म्हणाला.

"पण फरशा तूच उखडायच्या, कळलं का? एकट्याने."

"उखडतो बाई."

काकूंच्या ओठांवर आलं होतं, की अगं, याला नाव आहे, केव्हापासून आहे. त्यांनी ते आत घेतलं. शिडीचा हात. वाईट नव्हतं. त्यांचं नव्हतं, पण वाईट नव्हतं.

"लग्नाला याच हं काकू," जाताना मुलगी म्हणाली. "येते की," काकू म्हणाल्या, जसं म्हणायचं असतं तसं.

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी कात्री घेतली. आधी तो वाफा कापला आणि मग भर म्हणून राहिलेलं सगळं. तसंही थंडी कुठल्याही रात्री येऊन ते नेणारच होती. गाडीवाला आला, बादल्या चढवल्या आणि म्हणाला, "चला ना तुम्हीही, पुढे जागा आहे." काकू म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी हात धुऊन येते." तिथे गेल्यावर कोणाशेजारी बसायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. हात धुऊन झाले तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. बागेत एकही फूल उरलं नव्हतं. टोकापासून टोकापर्यंत पानंच पानं, एकच एक रंग.

"मला बाग बारा महिने सलगच दिसते," काका म्हणायचे. "पानं कुठली, फूल कुठलं, लांबून पत्ता लागत नाही. हाताला लागलं की कळतं." काकूंनी ते ऐकलं होतं, त्यावर किती नावं रचली होती. पाहिलं मात्र आज.

त्या वाफ्यात उतरल्या आणि पानांत हात घालून चालू लागल्या, नजर वर ठेवून, काका चालायचे तशा. खताच्या खड्ड्याच्या बाजूला, खाली, बोटांना काहीतरी गार आणि दाट लागलं. एक डेलिया कात्रीतून सुटला होता.

काकूंनी खाली पाहिलं नाही. कोणी "हा कोणता?" विचारेल म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मग पान पुन्हा होतं तसं त्याच्यावर ओढून घेतलं आणि शेडमध्ये जाऊन उरलेल्या बादल्या एकेक करून पालथ्या घातल्या.