तिसरी ओळ

मी एक जुना मेनू आहे. संगणकाच्या पडद्यावर उघडतो आणि काम झालं की मिटतो. माझ्यात एकूण तेरा ओळी आहेत. पहिली ‘उघडा’, तिसरी ‘छापा’, बारावी ‘पुसा’.

मित्रांनो, रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझी नोकरी. तिथे अहवाल टाइप करणाऱ्या ताईंची नजर हळूहळू अधू होत गेली. अहवालातली अक्षरं त्या मोठी करून वाचत. मला मात्र त्यांनी पाठच करून टाकलं. कीबोर्डवरची मेनूची कळ, तीनदा खाली, एंटर. पलीकडे प्रिंटर कुरकुरला की झालं. माझ्याकडे न बघता कुणी माझ्यावर इतकं विसंबून राहतं, याचं मला फार अप्रूप वाटे.

मग संगणकाची प्रणाली बदलली. माझ्या जागी गोल कोपऱ्यांचा, आटोपशीर मेनू आला. त्यात तिसऱ्या जागी ‘पुसा’ होतं. ताईंनी सवयीने तीनदा खाली जाऊन एंटर दाबलं. प्रिंटर गप्प. कागद संपला असेल असं समजून त्यांनी ट्रे भरला आणि पुढचा अहवाल घेतला. तोही पुसला गेला. बाहेर बाकांवर माणसं ताटकळली. अहवाल संगणकातल्या कचरापेटीतून परत मिळाले, पण प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ताई, हे काम आता दुसऱ्या कोणाला देऊ या का?”

ताईंनी चष्मा काढून हातात धरला.

त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. नव्याशी जरा जमवून घ्या, आठवड्यात सवय होईल, असं तो आधी थट्टेनेच म्हणाला. मग त्याने एक अहवाल छापून दाखवायला सांगितलं. ताईंची बोटं कळांवर होती आणि तोंड खिडकीकडे.

“तुम्ही तर बघतच नाही.”

“दिसत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, बाबा?”

तो खुर्ची ओढून कामाला लागला.

मला कुणी काढून टाकलं नव्हतं. नव्या मेनूच्या तळाशी ‘आणखी पर्याय’ अशी एक ओळ होती, तिच्यामागे मी घडी घालून ठेवल्यासारखा पडून होतो. त्याने प्रणालीतली एक नोंद बदलली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि मी उघडलो.

मित्रांनो, नवं जरूर आणा. मीही कधीकाळी नवाच होतो. फक्त एखादी वस्तू हलवण्याआधी तिच्यावर कोणाचा हात असतो, तेवढं पाहून घ्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सत्तावीस अहवाल छापून झाले. कचरापेटीत शून्य.