दोन जावयांची एक षष्ठी

मंदिरादींच्या समुपदेशनाला यश आलं आणि अनिंद्य व तमोघ्न वेगळे झाले. हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं.

तर, जामाईषष्ठीच्या चार दिवस आधी दोघं मंदिरादींच्या गडियाहाटच्या खोलीत बसले होते. तमोघ्नच्या खिशात षष्ठीच्या संध्याकाळचं बंगलोरचं तिकीट होतं. एकच.

"तीन वर्षं एकत्र राहतोय," तमोघ्न म्हणाला. "षष्ठीला कलकत्त्यातल्या झाडून सगळ्या सासवा जावयांना पंख्यानं वारा घालून जेवू घालतात, आणि मी घरी अंडाभात खातो. याच्या आईच्या लेखी मी कोण? भाडेकरू!"

"तुझी आई तरी मला कुठे बोलावते?" अनिंद्य म्हणाला.

मंदिरादींनी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाची वही उघडली. "अशा वेळी तुझ्या मनात नेमकं काय दाटून येतं?"

"भूक."

वही मिटली. "आया बोलवत का नाहीत रे?"

अनिंद्यनं सांगून टाकलं. नातं दोघींनाही मान्य होतं. पण दोघीही मुलाकडच्या! वारा मुलीकडच्यांनी घालायचा. आपण कशाला खाली यायचं?

मंदिरादींनी बरानगरला अनिंद्यच्या आईला फोन लावला. "मासिमा, बेहालाच्या बाईंनी तुमच्या मुलासाठी दीड किलोचा इलिश मासा सांगितलाय म्हणे." मग बेहालाला तमोघ्नच्या आईला. "बरानगरला तमोघ्नसाठी तळहाताएवढी कोळंबी येतेय म्हणे."

"दीदी, हे धडधडीत खोटं आहे!" अनिंद्य म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत खरं होईल."

झालं. चढाओढीत दोन्ही घरून आमंत्रणं आली. जावई हा दहावा ग्रह. इथे षष्ठीच्या एकाच दुपारी दोन ग्रह उलट्या दिशांना निघाले. एकत्र यायला दोन्ही आयांची सक्त मनाई. समोर पोटचा पोरगाही बसला, तर वारा घालायचा कुणाला?

तमोघ्न बॅग घेऊनच बरानगरला गेला. जेवून थेट स्टेशन. बेहालात अनिंद्यच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला गेला, पण इलिशचा काटा काढताना त्याचं लक्ष घड्याळाकडे.

चार वाजता तमोघ्नचा फोन आला.

"तुझ्या आईनं हातानं वारा घातला रे. पाऊण तास. हात भरून आला तरी थांबेना."

"आणि बॅग?"

"कपडे काढून ठेवले तिनं. आंबे भरलेत. म्हणाली, बाबा, सासरहून कोणी कपडे नेतं का?"

"मग गाडी?"

"वीस किलो हिमसागर घेऊन बंगलोरला कोण जातं? घरी येतोय. सुरी धुऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी अनिंद्यनं पंचांगकर्त्यांना पत्र टाकलं:

"माननीय पंजिकाकार महोदय, सविनय निवेदन की, आमच्या घरात जावई दोन आणि दुपार एकच असल्याने, पुढील वर्षापासून जामाईषष्ठी लागोपाठ दोन दिवस देण्यात यावी. तिथी वाढवणे शक्य नसल्यास त्या दिवशी सूर्य तीन तास माथ्यावर थांबवून ठेवावा, ही विनंती."