शेवटचं प्रकरण

भाषेच्या बाईंच्या हाताखालून बावीस वर्षांत शेकडो मुलं गेली. पण त्यांची स्वतःची लेक संध्याकाळ झाली की धाकट्या जावेच्या खोलीत पळायची. धाकटी बाईंच्याच शाळेत ग्रंथपाल. ती रोज कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने वाचायची. दारापलीकडून दोघींचं हसू आलं की बाईंचा जळफळाट व्हायचा.

एकदा त्यांनी दारातूनच विचारलं, "परीक्षेत येणार आहे का हे?"

"यातली मुलगीही आधी तेच विचारायची," लेक म्हणाली. "सगळीकडे पहिली आली, आणि आता विचारतेय, मी शिकले कशासाठी? उद्या शेवटचं प्रकरण. आई, जा ना, मध्येच येतेस."

"वहिनी, तुम्हीपण बसा की," धाकटी म्हणाली. तिचा तो मऊ आवाज आणखीच झोंबला.

दुसऱ्या दिवशी धाकटी घरी यायच्या आत बाईंनी तिच्या उशाचं पुस्तक उचललं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या शेवट वाचून काढला, मग ते होतं तिथे ठेवलं. लेक शाळेतून आल्यावर तिला खायला वाढता वाढता म्हणाल्या, "नोकरी सोडते ती. दवाखान्यात येणाऱ्यांना औषधाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवत बसते. झालं! एवढ्यासाठी महिनाभर कोंडून घ्यायला नको होतं."

लेकीचा घास हातातच राहिला. "तुला रडू आलं?"

"मला कसलं रडू?"

"काकूला पहिल्यांदा वाचताना आलं होतं, तिनेच सांगितलं. तू नुसतं उत्तर शोधलंस."

त्या संध्याकाळी लेक काकूकडे गेली नाही. आईच्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंना हवं होतं ते मिळालं, पण लेक तोंड वळवेना.

लेकीची वाट पाहून धाकटीने पुस्तक आणून बाईंच्या हातात दिलं. "आज तुम्हीच वाचा तिला," म्हणाली आणि गेली. एवढा मोठेपणा! बाईंच्या अंगाची लाही झाली. तरी त्यांनी घसा खाकरला. पहिलं वाक्य वाचलं. मग तेच पुन्हा, सावकाश. मग एकेक शब्द सुटा करून.

"आई," लेक भिंतीलाच म्हणाली, "मी लिहून घेत नाहीये."

बाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "मग कसं वाचू?"

"काकूला विचार."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, पुन्हा गेल्या.

"अगं, ऐकलंस का," त्यांनी हाक मारली. "जरा ये इकडे. मलाही बसायचंय."