फळ्यावरचा डोळा

आरमोरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. त्यातही डोळा माझा खास. रंगीत खडू घेऊन मी फळ्यावर डोळा काढू लागलो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. चित्राचा फोटो घ्यायला पुन्हा उचलतात, ही गोष्ट वेगळी. गावात मी 'डोळ्याचे सर' झालो आणि हे नाव मी कधी खोडून काढलं नाही. स्वतःबद्दलचा गैरसमज सोयीचा असेल तर माणूस तो जपतोच.

माझ्या घरामागं तलाव आहे आणि तलावाच्या काठी भूपेशचं घर. भूपेश माझा जुना विद्यार्थी. जीवशास्त्रात नापास झाला, पण माझ्याबद्दलचा त्याचा आदर कमी झाला नाही. उलट विषय फारच खोल असला पाहिजे, अशी त्याची खात्री पटली. त्याची आई गोकुळाबाई तलावातली मासोळी बाजारात विकते. बायको डिंपल. तिला दिवस भरायच्या कितीतरी आधी मुलगी झाली. मुठीएवढी. गडचिरोलीच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर होती. वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, बुधवारी डोळे तपासायला आणायचंच.

मंगळवारी मला बोलावणं आलं.

"पाहा ना जी मास्तर," गोकुळाबाई म्हणाली, "एवढ्याशा लेकराचे डोळे तपासतेत म्हने. काऊन? हिले काय मोतीबिंदू झाला? डोळा पाहा, ताज्या मासोळीवानी चकचकीत हाये."

मासोळी ताजी की शिळी हे ती डोळ्यावरून सांगते आणि तिची मासोळी खाऊन आजवर कोणी आजारी पडलेलं नाही. डिंपल हळूच म्हणाली, "पन आई, डॉक्टरनं सांगतलं ना..." मग सगळे माझ्याकडं पाहू लागले. अशा वेळी 'मला माहीत नाही' म्हणायला जी ताकद लागते, ती माझ्यात एम.एस्सी. झाल्यापासून उरलेली नाही.

मी बाळाच्या पापण्या बोटानं उघडून पाहिल्या. बुबुळ, बाहुली, सगळं पुस्तकात असतं तिथंच होतं. मग शास्त्रीय पद्धत म्हणून खिशातल्या किल्ल्या तिच्यापुढं हलवल्या. तिनं मान किंचित वळवली.

"फर्स्ट क्लास!" मी म्हणालो.

बुधवार तसाच गेला. माझ्या घरी झिंग्यांची भाजी आली.

गुरुवारी दवाखान्यातून भूपेशला फोन आला. "आमच्या सरांनी तपासलं जी," त्यानं अभिमानानं सांगितलं आणि मला अंगणात बोलावून फोन माझ्या हातात दिला.

"कशानं तपासलं?" पलीकडून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"किल्ल्यांनी."

"किल्ल्यांनी?" त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"सर, एवढं बाळ किल्ल्या पाहत नसतं. आवाज ऐकला असेल तिनं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा मागचा पडदा कच्चा असतो. त्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटतो. बाहेरून काही कळत नाही. वेळेत सापडलं तर लेझरनं थांबवता येतं. उशीर झाला तर मुलगी आंधळी होईल. उद्या आणा. मी थांबते."

हा पडदा मी दर वर्षी पिवळ्या खडूनं रंगवतो.

"उद्या जायलाच पाहिजे," मी फोन ठेवून म्हणालो.

"काऊन?" गोकुळाबाई म्हणाली. "तुमीच त म्हनलं, फस्क्लास."

"चुकलं माझं."

"त्या बाईनं हिचे डोळे पाह्यले काय? नाई. तुमी पाह्यले. मंग तुमचं खोटं कसं?"

"गोकुळाबाई, मला यातलं काही कळत नाही."

"पाह्य रे भूपेश, एवढे शिकलेले, पन गर्व नाई."

मी खरं बोलत होतो आणि ते माझ्या विनयाच्या खात्यात जमा होत होतं. घाबरून मी काडी घेतली आणि अंगणाच्या मातीत डोळा काढून पडदा कसा सुटतो ते दाखवलं. चित्र उत्तम झालं. त्यामुळं माझ्यावरचा विश्वास आणखीच वाढला.

शेवटी डिंपल बोलली. बाळ तिच्या मांडीवर होतं. "सर, खरं सांगा. खऱ्या डोळ्याच्या आतमंदी तुमी कधी पाह्यलं काय?"

"नाही. फक्त फळ्यावर काढतो. तेही पुस्तकात पाहून."

"म्हनजे फस्क्लास अंदाजे सांगतलं?"

"हो."

ती सासूकडं वळली. "आई, तुमी नुसत्या डोळ्यावरून मासोळी घेता काय? कल्ला उचलून नाई पाहत?"

गोकुळाबाईनं माझ्याकडं पाहिलं. दुपारी कोणी सकाळची मासोळी ताजी म्हणून पुढं केली, की ती असंच पाहते.

"उठ वो, पोरीचे कपडे भर," ती सुनेला म्हणाली. "हा मानूस माया नातीले आंधळी करन."

दुसऱ्या दिवशी आम्ही गडचिरोलीला गेलो. बाळाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. डिंपलनं तिचं डोकं धरलं, मी पाय धरले. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा बारीक चिमटा लावला, तेव्हा माझेच पाय कोणी धरायची वेळ आली. सिस्टरनं मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. आजार दोन्ही डोळ्यांत होता. लेझर त्याच दिवशी केलं. दाराआडून बारीक रडणं ऐकू येत होतं. शेजारी गोकुळाबाई बसली होती. ती माझ्याशी बोलली नाही. परत येतानाही नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी होती. कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो. डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे पाहिले, पुन्हा पाहिले आणि डोक्यावरचा दिवा उतरवला.

"पडदा जागेवर आहे. वाईट वाहिन्या मावळल्यात. पण तपासायला येत राहावं लागेल. पुढं चष्मा लागू शकतो."

"लागला त लागला," गोकुळाबाई म्हणाली. मग पुढं सरकून तिनं विचारलं, "बाई, तुमी स्वता पाह्यलं ना?"

"हो आजी. दोन्ही डोळे."

डिंपल तिथंच स्टुलावर बसली आणि तिनं बाळाला पदराखाली घेतलं. सिस्टरनं तिला पाणी आणून दिलं. गोकुळाबाई वळली आणि आठवडाभरानंतर पहिल्यांदा माझ्याकडं तिनं नीट पाहिलं.

"सिस्टर, याइलेबी पानी द्या वो," ती म्हणाली. "समजत काही नाई, पन लेझर झाल्यापासून पोटभर जेवले नाई. यायची बायको सांगून राह्यली होती."