एका कलरीमीटरचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना कलरीमीटर आहे. नळीतल्या पाण्याचा रंग किती गडद आहे, हे माझा काटा सांगतो. दूर अंबाल्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि इकडे दौलताबादजवळच्या शहरात, छावणीपाशी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. तेव्हा खिडकीतून दौलताबादचा डोंगर दिसायचा. पुढे शहर वाढलं, समोर इमारती उठल्या. तरी मला वाईट वाटलं नाही, कारण मुलं माझ्यापुढे रांग लावत.

मग नवं यंत्र आलं. एक थेंब ठेवला की पडद्यावर आकडा. प्रेरणा मॅडमनी त्याला पंख्याखालची जागा दिली आणि मला कोपऱ्यात सरकवलं. त्याच्यावर मखमली आच्छादन, माझ्यावर धूळ. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. कॉलेजातही टँकरचंच पाणी. दौलताबादच्या आप्पा मेंढपाळांची लेक सुकेशनी ही प्रेरणा मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होती. मेंढ्यांचं शरीर दुष्काळ कसा सोसतं, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी रक्तातून आरएनए वेगळा काढायचा. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या. शरीरानं आतून कोणते हुकूम सोडले, ते त्याच्याकडून कळतं. पण तो फार नाजूक.

सुकेशनीनं साध्या नळ्यांत रक्त घेतलं आणि रणरणत्या उन्हात बसनं आणलं. नव्या यंत्रावर आकडा छान आला. पुढच्या तपासणीत मात्र आरएनएचा पार चुरा झालेला निघाला. अख्खं आणि तुटकं यातला फरक त्या नव्याला कळतच नव्हता! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सुकेशनी डोकं धरून बसली.

"मॅडम, पुन्हा रक्त काढू द्या म्हणून आप्पांना कोणत्या तोंडानं सांगू? मेंढ्या आधीच हाडाला लागल्यात."

"आपली पद्धत चुकली," मॅडम म्हणाल्या. "आता कळपापाशीच रक्त आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात घे."

आप्पा राजी झाले, आणि या खेपेला आरएनए अख्खा मिळाला. तो ज्या अदृश्य प्रकाशात मोजतात, तो माझ्यापाशी नाही. नव्यानं तो मोजला, आणि मी कोपऱ्यात जळत राहिलो.

त्याच मेंढ्यांच्या रक्तातली प्रथिनंही मोजायची होती. नव्यानं ती भरपूर दाखवली. मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"या यंत्राचा प्रकाश रक्तातल्या बाकीच्या गोष्टीही शोषतात. ते सगळं प्रथिनांत धरलं जातंय. बाययुरेटनं करून बघ."

बाययुरेट हे निळं औषध. प्रथिनं भेटली की ते जांभळं होतं, आणि जांभळा रंग मोजणं हे माझं काम. सुकेशनीनं मला पुसलं, दिवा लावला. दिवसभर नळ्या येत राहिल्या. रंग फिकाच होता. प्रथिनं फार कमी होती.

संध्याकाळी आप्पा आले. वाळल्या कडब्यावर मेंढ्या तगतील, अशी त्यांची समजूत होती.

"आप्पा, पोट भरतंय, पण अंगी लागंना," सुकेशनी म्हणाली. "पेंड चालू करावी लागंल. नायतर गाभण मेंढ्या हातच्या जातील."

"व्हय? ह्यानं सांगितलं का?" आप्पांनी नव्या यंत्राकडं बोट केलं. मला ते फार झोंबलं.

"नाय आप्पा. त्या जुन्यानं."

आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई तापलंय की हे. सकाळधरनं जुंपलंय व्हय? जरा इसावा द्या त्याला."

सुकेशनीनं लगेच दिवा मालवला.

पेंड सुरू झाली. दोन म्हाताऱ्या मेंढ्या गेल्या, पण गाभण मेंढ्या सुखरूप व्याल्या. नवं यंत्र अजून पंख्याखालीच आहे, आणि मला त्याचा हेवा अजून वाटतो. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा. पण जुन्याला काय जमतं, ते विसरू नका. काम झालं की त्याच्या अंगावर कापड टाका. आणि मधूनमधून हात लावून बघत जा. आम्ही तापलो, तरी आम्हाला सांगता येत नाही.